शिवून आणलेले बूट

सॅक पहिल्यांदा भरली ती बीडच्या खोलीत, निघायला अजून बराच अवकाश असताना. भरली, पाठीवर घेतली, जिन्यावरून खाली-वर करून पाहिली आणि पुन्हा सगळं पलंगावर ओतलं. मी एका कोचिंग क्लासमध्ये जीवशास्त्र शिकवते. तिथेच शिकवणारी माझी मैत्रीण डोंगर हिंडलेली आहे. तिच्या आग्रहाने मी हिमालयातल्या एका बर्फाच्या खिंडीच्या वाटेसाठी नाव दिलं होतं, आणि तेव्हापासून मला एका जागी बसवत नव्हतं. फळ्यावर पेशीविभाजन काढताना मनात चाललेलं असायचं: टॉवेल अर्धा कापावा का, साबणाचा तुकडाच न्यावा का.

तोवर मी घर सोडलं होतं ते शिक्षणासाठी, नाहीतर नोकरीसाठी. घरात पदवी घेतलेली मीच पहिली. आईवडिलांनी मला कुठे जायला कधी अडवलं नाही, की कारणही विचारलं नाही. या वेळी सुट्टीत गावी, युसूफ वडगावला गेले, तेव्हा आईने विचारलं.

"परीक्षा हाय का तिथं?"

"नाही."

"मग देव हाय?"

"नाही गं. नुसतं चालायचं."

"आन् चालायला एवढं लांब कावून? केजपस्तोर चाल की. येताना भाजी तरी आणशील."

आबा, म्हणजे माझे वडील, हसले. पण त्यांनी एवढंच विचारलं, "पायात काय घालनार?"

मी नवे बूट काढून दाखवले. सगळ्या सामानात मी सर्वांत जास्त विचार केला होता तो या बुटांचा. पुण्याहून मागवले होते. आत पाणी शिरू न देणारा पातळ थर होता. वाट दाखवणाऱ्याने फोनवर बजावलं होतं की खालच्या तळावर प्रत्येकाचे बूट तपासले जातील आणि ज्याचा बूट पाणी घेईल त्याने तिथेच थांबायचं, बर्फात पाय टाकायचा नाही. बूट पायात मुरावेत म्हणून मी दोन दिवस ते घालून बांधावरून फिरत होते. शेजारची काकू ओरडली, "मास्तरीणबाई, मिल्ट्रीत भरती झाल्या का काय?"

दुसऱ्या दिवशी सकाळी बूट ओट्यावर दिसेनात. दुपारी आबा बाजारातून आले आणि पिशवीतून काढून त्यांनी ते माझ्यापुढे ठेवले. तळाच्या कडेने, टाचेपासून चवड्यापर्यंत, मेण लावलेल्या जाड पांढऱ्या दोऱ्याची शिलाई होती.

"घे. आता हिमालय पालथा घाल, तळ सुटायचा न्हाई."

आई म्हणाली, "जेवले बी न्हाईत अजून. शिवणाऱ्याच्या पुढ्यात बसून राहिले. घाईत टाके लांब पडतात म्हणले."

"बरं केलं आबा," मी म्हणाले. आणि शिलाईवरून बोट फिरवलं.

आमच्याकडे दुकानातून घेतलेलं पायताण सरळ घरी येत नसे. चिकटवलेल्या तळावर आबांचा विश्वास नाही. जूनमध्ये शाळेसाठी नवे सँडल घेतले की ते आधी शिवणाऱ्याकडे जायचे, तिथे आबा माझा पाय मांडीवर घेऊन अंगठा दाबून मापही बघायचे. चालत शाळेला जाणाऱ्या मुलांचे तळ दिवाळीच्या आत सुटायचे. माझे कधी सुटले नाहीत. मी शाळेत रोज पोचले, त्यात त्या टाक्यांचाही वाटा आहे.

बीडला परतल्यावर मैत्रिणीला बूट दाखवले. ती स्कूटी काढून मला पालीला, बिंदुसरेच्या धरणावर घेऊन गेली. काठाच्या उथळ पाण्यात मी बूट घालून उभी राहिले.

"बोल."

"थांब जरा."

"बोल ना!"

"डावा मोजा भिजला. उजवाही."

"तुझ्या आबांनी चाळणी केली की गं बुटाची!" ती हसली. मग माझा चेहरा बघून म्हणाली, "माझ्या बहिणीचे आहेत. जरा मोठे होतील, दोन मोजे घाल."

बुटांचा प्रश्न तिथेच सुटला. पण आबा मला सोडायला बीडच्या स्टँडवर येणार होते, आणि ते आधी पायांकडे बघणार हे मला माहीत होतं. मी ठरवलं, शिवलेले बूट घालून बसमध्ये चढायचं, बहिणीचे सॅकमध्ये न्यायचे. सॅक पुन्हा उपसली. बूट आत गेले तर स्वेटर बसेना. स्वेटर बसवला तर झोपायची पिशवी बाहेर. गुडघा दाबून चेन ओढली, ती दात सोडायला लागली. शेवटी स्वेटर खुर्चीवर आणि बूट सॅकमध्ये, असं ते सगळं माझ्यासमोर होतं. बर्फात जाताना मी स्वेटर मागे ठेवत होते. मी फोन उचलला.

"आबा, त्या बुटात पाणी शिरतंय. सुईची भोकं पडलीत ना."

पलीकडे म्हशीच्या गळ्यातली घंटा वाजत होती.

"मग उसवून आणू का शिलाई?"

"भोकं राहतील आबा."

"हां. राहतील." मग म्हणाले, "मी इचारायला पायजे होतं बाई."

दुसऱ्याचे बूट घेतलेत, एवढं मी सांगितलं.

आबा येतील की नाही, या विचारात मी बहिणीचे बूट घालून स्टँडवर लवकर जाऊन उभी राहिले. सॅक उतरवली, पट्टे घट्ट केले, सैल केले. केजची गाडी आली आणि ते उतरले. रामराम नाही, काही नाही, सरळ खाली वाकले. भर गर्दीत माझा अंगठा दाबून पाहिला.

"पुढं रिकामं हाय."

"दोन मोजे घातलेत."

त्यांनी माझी टाच उचलून तळ पाहिला, कडेवरून नख फिरवलं. "नुस्ता चिकटवलाय," ते पुटपुटले. पुण्याची गाडी लागली. मी मैत्रिणीशेजारी खिडकीत बसले, ते खाली उभे, नजर अजून बसच्या पत्र्याआड माझे पाय शोधत असलेली. गाडी हलली तसा त्यांनी खिशातून मेण लावलेल्या दोऱ्याचा गुंडा काढून खिडकीतून माझ्या मांडीवर टाकला.

"सुटला तर करकचून बांध!"

"हे कशाला आणखी?" मैत्रीण म्हणाली. वजन कमी करायला तिने माझा कंगवासुद्धा अर्धा मोडला होता.

मी गुंडा सॅकच्या वरच्या कप्प्यात ठेवला. डोंगराच्या खालच्या तळावर बूट तपासून मला वर सोडलं. बर्फात पाय कोरडे राहिले. तळ सुटला नाही, पण रोज मुक्कामाला पोचले की मी आधी कडेवरून नख फिरवायची. दोरा तंबूबाहेर दोन काठ्यांना बांधला होता. त्यावर सगळ्यांचे मोजे वाळायचे.