पेटी कळंबपर्यंतच यायची

माझी बॅग दारात उभी होती, मुंबईला न्यायला आलेली गाडी रस्त्यावर, आणि तात्या घरात नव्हते. दुपारचे तीन वाजत आले होते. रात्री मस्कतचं विमान, परवा वॉर्डात ड्यूटी. दर वेळी निघताना मी वडिलांच्या पाया पडते आणि ते म्हणतात, "जपून जा गं. पोचल्याव फोन कर." या खेपेला पाया पडायला माणूसच जागेवर नाही.

"असतील हितंच कुठं तरी," भाऊ म्हणाला. मी त्याच्यावर खेकसलेच. तात्यांना वर्षभर दिवस-वार कळत नाहीत, कधीकधी माणूसही ओळखू येत नाही, हे त्यानंच मला फोनवर सांगितलं होतं. तेवढ्यात शेजारच्या वहिनी आल्या. "तात्या मगाशीच फाट्याव जीपमधी बसले की. म्हनले, पेटी आणायचीय, नाय तर खेळ थांबंल."

पेटी म्हणजे तात्यांचं जुनं, थेटराचं काम.

गावात राहिलेल्यांना हे आठवत असेल, पण माझ्यासारख्या बाहेर गेलेल्यांनी आपल्या पोरांना सांगितलं तर त्यांना पटायचं नाही. तेव्हा एकाच पिक्चरची रिळं दोन थेटरांत चालायची. मंचरला तीनचा खेळ सुरू व्हायचा. तिथं चालून झालेली रिळं पत्र्याच्या पेटीतून नारायणगावला यायची आणि आमच्याकडचा खेळ तासाभरानं लागायचा. ती पेटी आणायचं काम तात्यांचं. मोटारसायकलच्या मागं सायकलच्या ट्यूबनं पेटी आवळलेली असायची. जरा उशीर झाला की पडदा पांढरा आणि पब्लिक शिट्ट्या मारून थेटर डोक्यावर घ्यायचं. आई म्हणायची, "हा माणूस देवळात बी घड्याळ बघतो."

दोन्ही थेटरं कधीच बंद पडली. मस्कतला गेल्यापासून वीस वर्षांत मी इतक्या सुट्ट्यांना आले, पण ती कुठं होती आणि त्यांचं काय झालं हे बघायला एकदाही गेले नव्हते. लाज वाटली, पण लाजायला वेळ नव्हता. भाऊ मोटारसायकलवरून दवाखाने आणि पोलीस चौकी बघायला गेला, मी त्या विमानतळाच्या गाडीत बसले.

नारायणगाव इतकं बदललं होतं की मला जागाच ओळखू येईना. कॉलेजच्या पोरांना विचारलं, "इथलं जुनं थेटर कुठंय?" त्यांनी मला फोनवर पुण्याचं मल्टिप्लेक्स काढून दाखवलं. असा संताप आला! शेवटी एका पेरूवाल्यानं बोट दाखवलं. थेटराच्या जागी मोबाईलची दुकानं झाली होती आणि वर कोचिंग क्लास. तात्या तिथं नव्हते. म्हणजे मंचर, मी ठरवलं. पेटी मंचरहून निघायची, मग ते मंचरलाच जाणार. ड्रायव्हरनं नव्या बायपासनं गाडी हाणली आणि आरशातून म्हणाला, "मॅडम, घाटात ट्रॅफिक असतं. उशीर झाला तर माझ्याकडं बोट दाखवू नका." मी त्याला गप्प बसायला सांगितलं. उन्हाचा नुसता तडाखा होता, तात्यांच्या डोक्यावर टोपी तरी असेल का, तेवढंच डोक्यात घोळत होतं.

मंचरचं थेटर बाहेरून अजून उभं आहे. आत दुचाक्यांचं पार्किंग. खुर्च्या गेल्या, पण जमिनीचा उतार तसाच आहे, म्हणून प्रत्येक गाडीच्या चाकाखाली वीट लावलेली. पावत्या फाडायला एक म्हातारी बसली होती, हौसाबाई. पूर्वी बायकांच्या दारावर हीच तिकिटं बघायची. तिला तात्यांचं नाव सांगितलं तर ती हसलीच.

"तुजा बा? त्यो हितं कवाच येत नव्हता, पोरी. आमचा माणूस सायकलीव पेटी घेऊन कळंबापतुर जायचा. तुजा बा तिथनं उचलायचा. नदीच्या जुन्या पुलाव. तुला ठावं न्हाई व्हय?"

न्हाई. मला ठाऊक नव्हतं. ज्या कामानं आमचं घर चाललं, ते नेमकं कुठं चालायचं हे मी कधी विचारलंच नाही. आणि बायपासच्या नादात आम्ही त्या पुलाला बगल देऊन आलो होतो.

तात्या पुलावरच होते. टोपी नाही, घसा कोरडा, कठड्याला धरून मंचरच्या बाजूला बघत उभे. खाली घोड नदी. मी धावत गेले, त्यांचा हात धरला. त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि अगदी आदरानं विचारलं, "बाई, वाटंत सायकलवाला दिसला का वो?"

असे पेशंट मी रोज हाताळते. त्यांच्याशी वाद घालायचा नसतो, हे मी इतरांच्या लेकींना शिकवते. पण स्वतःवर आलं तेव्हा ते फार जड गेलं. बाटलीतलं पाणी त्यांना पाजलं आणि मी म्हणाले, "मंचरला लाईट गेलीय. आज खेळ रद्द."

"आरं द्येवा," तात्या म्हणाले. "मग पब्लिकला सांगाया पायजे. ताटकळत बसलं आसंल."

ड्रायव्हरनं घड्याळ पुढं केलं. "मॅडम, आता निघालो तरच विमान मिळंल." मी भावाला फोन करून सांगितलं, तात्या सापडले. मग ड्रायव्हरला म्हटलं, गाडी नारायणगावला घे.

मोबाईलच्या दुकानांसमोर तात्या उतरले, सदरा नीट केला, पायरीवर चढले आणि हात जोडून म्हणाले, "मंडळी, लाईट नाय. आज खेळ व्हनार नाय. उद्या याच तिकिटाव या." येणारेजाणारे थांबले. एक पोरगं हसायला लागलं. कोणी काही वेडंवाकडं बोललं असतं तर मी तिथंच भांडले असते.

पेरूवाला गाडा सोडून पुढं आला. "बरं तात्या," तो म्हणाला. "उद्या येतो."

"मी पन येतो," कोचिंगचा मास्तर वरून म्हणाला.

तात्यांचे खांदे सैल पडले. मला रडू आवरेना. मस्कतला माझ्या नावाचं लॉकर आहे, फ्लॅट आहे, सगळं वेळेवर चालतं. पण माझ्या बापासाठी नसलेल्या खेळाला उद्या येतो म्हणणारी माणसं जिथं आहेत, तेच माझं घर. एवढं कळायला मला विमान सोडावं लागलं.

तात्या पायरी उतरून माझ्यापाशी आले. "बाई, तुमी लई लांबनं आल्याला दिसता," ते म्हणाले. "आमचं घर जवळच हाय. चला, च्या घ्या."

"चला," मी म्हणाले, आणि पाहुणी होऊन त्यांच्या मागोमाग गेले.