आवडाबाई आणि परदेशी काटा

कल्याणच्या खाडीकाठच्या आवडाबाईचा देवावर डोळे मिटून विश्वास. माणसांवर मात्र ती पारखून विश्वास ठेवायची. वाण्याच्या मापातसुद्धा आधी बोट फिरवायची, तळाला मेण चिकटवलंय का म्हणून.

तिचा नवरा महिपत भातगिरणीचा बॉयलर सांभाळी. वाफेचा दाब दाखवणारा जुना काटा एक दिवस फुटला. त्यावर साठ पौंडांपाशी लाल रेघ होती. तिच्यापुढे वाफ चढवायची नाही, हा शिरस्ता. कारकून पोपटरावांनी मुंबईहून मोडीत निघालेल्या फ्रेंच बोटीवरचा काटा आणून बसवला. त्याचे आकडे दहापर्यंतच, आणि तेही किलोचे.

दुपारी महिपत जेवायला आला, पण ताटाला हात न लावताच सांगू लागला.

"पोपटराव म्हणतात, सव्वादोन पौंडांचा एक किलो. म्हणजे साठ पौंडांचे सत्तावीस किलो. हा काटा दहाच्या वर जातच नाही, मग बिनघोर जाळ घाल."

"मग घाला की. तोंड का उतरलंय?"

"अगं, काटा चाराच्या जरा पुढे सरकला की वरची झडप फुसफुसते, वाफ सोडते. ते म्हणतात, झडपच बिघडली. उद्या तिच्या दांड्यावर आणखी एक वजन टांगायचं, म्हणजे ती एवढ्यात उघडणार नाही."

आवडाबाई बरणीत खारातल्या कैऱ्यांवर दगड ठेवत होती. तिचा हात तिथंच थांबला.

"वजनाचे किलो केले, पण ते बसतं केवढ्या जागेवर? हाच दगड बरणीत कैरी चेचतो. परातभर कैऱ्यांवर ठेवला, तर एकीलाही काही होत नाही."

"पौंड तर चौरस इंचावर मोजतात."

"आणि हे किलो?"



सकाळी देवपूजा आटोपून ती थेट गिरणीत हजर.

"बाई, बॉयलर म्हणजे चूल नव्हे," पोपटराव हसले.

"म्हणून तर आले. टांगा वजन. पण काटा दहावर जाईस्तोवर तुमची खुर्ची इथं बॉयलरपाशी टाका. मीही यांच्याशेजारी उभी राहते."

खुर्ची काही हलली नाही. पोपटरावांनी चष्मा पुसला आणि काट्यावरची बारीक अक्षरं पहिल्यांदाच नीट वाचली. किलो होते ते चौरस सेंटिमीटरवरचे! नखाएवढी जागा, इंचाच्या चौकोनात तसल्या जवळजवळ साडेसहा मावतात. सत्तावीसला साडेसहाने भागलं, तर चार आणि वर थोडं. झडप तिथंच फुसफुसत होती.

"वजन नको," ते हळूच म्हणाले.

महिपतने चाराच्या किंचित पुढे लाल रेघ ओढली. आवडाबाई भाताच्या पोत्यावर नाम घेत बसली. काटा रेघेला टेकला, झडप फुसफुसली, तेव्हा कुठे ती उठली. जाताना ते टांगायचं वजन तिने पदराखाली घेतलं.

"अगं, ते कशाला?"

"इथं राहिलं, तर परत कुणाच्या तरी मनात येईल."