लाईट गेल्यावर

कविता संपली असं समजून मी जोरात टाळ्या वाजवल्या. अख्ख्या हॉलमध्ये वाजवणारा मी एकटाच. "काका, थांबा की! अजून हाय," ती माईकवरून म्हणाली आणि सगळे हसले. बायकोने माझा हात धरून ठेवला.

शुक्रवार पेठेतली आमची ही शेजारीण अकरावीत आहे. तिला एडीएचडी आहे. ती आमच्याकडे आली की एक चप्पल दारात असते, दुसरी जिन्यात. एक गोष्ट सांगता सांगता ती तिसरीच सुरू करते. मधली कुठली ते फक्त माझ्या बायकोला कळतं. मात्र बरी आहेस का विचारलं, की "मस्त!" म्हणून पळते. म्हणून तिच्या कॉलेजातल्या समुपदेशक बाई अशा मुलांना प्रश्न विचारत नाहीत, कविता लिहायला सांगतात.

तिचे वडील यंत्रमागावर काम करतात. "कवितेनं काय होतंय?" म्हणत ते तिचं बाईंकडे जाणं बंद करायला निघाले होते. एकदा ऐका तरी, म्हणून बाईंनी त्यांना मुलांच्या या कवितावाचनाला बोलावलं होतं.

माईक हातात घेऊन, फेऱ्या मारत तिने पुढचं वाचलं:

"डोक्यात माझ्या शंभर माग, सगळे एकदम चालू.
लिहायला बसले की लाईट जाते,
आणि मला माझा आवाज ऐकू येतो."

वडील उभे राहिले. "किती वेळ जाते गं लाईट?"

"कविता संपेपर्यंत, पप्पा."

"मग मोठी लिही की."

घरी येताना बायको म्हणाली, "अहो, बाप तिचा तो आहे. छाती तुमची कशाला फुगलीय?"