हंबीररावाचे दोन चंद्र

हंबीरराव १९४५ साली तोफखान्यातून कुंडलला परतला, तो पोखरलेली फुप्फुसं आणि एक जाड वही घेऊन. गोळा कुठे पडेल याचं गणित करता करता त्यानं वहीत एक ग्रह रचला होता. दिवस तीस तासांचा. वजन पृथ्वीवरच्या निम्मं, म्हणून ज्वारीचं ताट दोन पुरुष उंच. चंद्र दोन. जवळचा सहा दिवसांत फेरी मारणारा, लांबचा चाळीस. एकेक आकडा चार-चारदा ताडून पाहिलेला.

घरच्यांनी त्याची खाट गोठ्याशेजारच्या खोलीत टाकली होती. दाराशी येऊन बसणारा एकटा शेजारचा लालासाहेब. मराठी घेऊन सांगलीहून नुकताच बी.ए. झालेला.

"आकडं माझं, भाषा तुजी," हंबीरराव म्हणाला. "पर लाला, खोटं कायबी घालू नगंस. मागं माझ्या नावानं एवढंच ऱ्हाणार हाय."

लालासाहेबानं गोष्ट लिहिली. आकडा एकही बदलला नाही. फक्त एक वाक्य पदरचं घातलं. त्यावाचून गोष्टीतली संध्याकाळ त्याला रुक्ष वाटत होती. पुण्याच्या एका मासिकानं ती गोष्ट दिवाळी अंकात छापली. वर हंबीररावाचं नाव.

अंक आला त्या दुपारी लालासाहेबानं दाराशी बसून ती मोठ्यानं वाचली. हंबीररावाची आई बनुबाई शेजारी शेंगा फोडत होती.

"'सूर्य मावळला आणि त्याच क्षणी पूर्वेला चंद्राची कोवळी कोर उगवली...'"

बनुबाईचे हात थांबले. "कोर? सांजच्याला? उगवतीला?"

"आवं काकी, ही पृथ्वीवरची गोष्ट न्हाई."

"नसंना का. तीस वर्सं संकष्टी करतीया मी. उपाशीपोटी चंद्राची वाट बघतीया. जितका झिजंल तितका तो उशिरा येतो. दिस बुडताना उगवंल तो पुनवेचाच."

आत खोकला थांबला.

"आई बराबर बोलतीया," हंबीरराव म्हणाला. "ग्रह कुठलाबी असू दे. सूर्याच्या समोरचा चंद्र पुरताच उजळणार. बी.ए. झालास, वर कवा बघितलंच न्हाईस व्हय रं?"

"पुढच्या अंकात दुरुस्ती..."

"दुरुस्ती कोण वाचतंय गड्या? माजं नाव काढाय सांग त्यास्नी."

लालासाहेबानं त्याच दिवशी संपादकांना पत्र टाकलं. चूक माझी आहे, ती सुधारून छापा, नाहीतर हंबीररावांचं नाव काढल्याचं तरी जाहीर करा. अंक तोवर गावोगाव गेले होते. कुंडलातली चार माणसं तर मुद्दाम येऊन सांगून गेली, कोर झकास उगवलीया म्हणून. हंबीरराव भिंतीकडे तोंड करून पडून राहिला. अकराव्या दिवशी गेला.

तेराव्याच्या सकाळी संपादकांचं कार्ड आलं. 'कोरीचं वाक्य वाचकांना विशेष भावलं आहे. दुरुस्तीची आवश्यकता वाटत नाही.'

"काय लिवलंय?" बनुबाईनं विचारलं.

लालासाहेबानं कार्ड पालथं धरलं. "चूक सुधारून छापतो म्हणत्यात."

तिनं मान हलवली.

"मग त्याचं नाव ऱ्हाऊ दे म्हणावं," ती म्हणाली.