पडद्यावरची कोंबडी

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तिला मी बहुतेक सगळं सांगतो — कुठे पैसे बुडवले, कुणावर चिडलो, आईशी काय बोललो. हे मात्र गिळून ठेवलंय. तुम्हाला का सांगतोय? तुम्ही मला ओळखत नाही म्हणून असेल.

मी शेलूला राहतो, कर्जतला माझं दीड खोलीचं ऑफिस आहे. लहान कारखान्यांना आणि दुकानांना कॉम्प्युटरचे प्रोग्रॅम करून देतो. काही वर्षांपूर्वी खालापूरजवळच्या एका हॅचरीचं काम मिळालं. हॅचरी म्हणजे अंडी मशीनमध्ये उबवून पिल्लं काढायची जागा. आठ मोठी मशीन, आणि प्रत्येकाचं तापमान कॉम्प्युटरच्या पडद्यावर दिसावं, वाढलं की बीप वाजावा, एवढंच काम. मशीनना आधी स्वतःच्या घंटा होत्या. वीज खालीवर झाली की त्या उगाच कोकलायच्या, म्हणून मीच हॅचरीच्या शेठना सांगितलं, आता कॉम्प्युटर आहे, घंटा काढून टाका. त्यांनी काढल्या.

कॉम्प्युटरवर वनिताताई बसायच्या. कुंभिवलीच्या, पंचेचाळिशीच्या, सातवीपर्यंत शिकलेल्या. पूर्वी त्या वही घेऊन दर अर्ध्या तासाला आठही मशीनवर फेरी मारायच्या. माऊस धरायला मीच शिकवलं. मला 'सर' म्हणायच्या. मी त्यांच्याहून पंधरा वर्षांनी लहान!

दर शनिवारी प्रोग्रॅम आठवडाभराच्या सगळ्या नोंदी मशीनमधून ओढून घ्यायचा. त्याला चाळीसेक मिनिटं लागायची. तेवढा वेळ पडदा पांढराफटक पडायचा, वर लिहून यायचं — नॉट रिस्पॉन्डिंग. ताई घाबरायच्या. बंद पडलं समजून कॉम्प्युटरच बंद करायच्या, आणि अर्ध्या नोंदी जायच्या. मग शेठचा मला फोन.

खरा उपाय मला माहीत होता. नोंदी ओढायचं काम मागे वेगळं चालवायचं, आणि कुठलं मशीन झालं, कुठलं राहिलं, ते पडद्यावर खरंखरं दाखवायचं. पंधरा दिवसांचं काम. मला कंटाळा आला. खरंच, फक्त कंटाळा. मी एका दुपारी छोटीशी कोंबडी बनवली. पडद्यावर डावीकडून उजवीकडे तुरूतुरू चालायची, खाली अक्षरं — 'थांबा, काम चालू आहे'. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तशातली गत. कोंबडीचा त्या कामाशी काही संबंधच नव्हता. आत सगळं मेलं असतं तरी ती चालतच राहिली असती.

हे मला माहीत होतं. आणि तरी मी ताईंना सांगितलं, कोंबडी चालतेय तोवर कशालाही हात लावायचा नाही. ताई खूश झाल्या. हॅचरीतल्या सगळ्या बायांना बोलावून त्यांनी ती कोंबडी दाखवली.

इथपर्यंत तर आळस आहे. आळस कोण करत नाही?

एका शनिवारी मी नेरळला मामेबहिणीच्या साखरपुड्याला गेलो होतो. पंगतीत बसलो होतो, ताटात बासुंदी होती. फोन वाजला. ताई म्हणाल्या, "सर, कोंबडी चालतीय, पण लय येळ झाला. दीड तास झाला. मशीन उघडून बघू का?"

दार उघडलं की ऊब जाते, म्हणून विचारल्याशिवाय त्या उघडत नसत. मी म्हणालो, "चालतेय ना? मग हात लावू नका." आणि फोन ठेवून शेजारच्यांना सांगितलं — आमच्या एक बाई आहेत, कोंबडीवर पहारा देतात. सगळे हसले. मीही हसलो.

आत काम कधीच अडकलं होतं. तीन नंबरच्या मशीनचा पंखा बंद पडला होता, तापमान चढत होतं, आणि बीप द्यायला कुणी जागं नव्हतं. चार वाजता ताईंना राहवलं नाही. माझं न ऐकता त्यांनी एकेक दार उघडून पाहिलं. तीन नंबरमधली सगळी पिल्लं अंड्यातच गेली होती. दोन दिवसांनी बाहेर पडणार होती ती. बाकीची सात मशीन ताईंनी वेळेत सांभाळली, पण ते कुणी मोजलं नाही.

सोमवारी शेठनी आम्हा दोघांना बोलावलं. मी खुर्चीत, ताई उभ्या. ताई म्हणाल्या, "मी सरांना फोन केला व्हता." शेठनी माझ्याकडे पाहिलं.

किती वेळ होता माझ्याकडे? दोन श्वासांचा. तेवढ्यात मला नवीन कामं दिसली, शेठच्या ओळखीतल्या आणखी दोन हॅचऱ्या दिसल्या. उचलली जीभ, लावली टाळ्याला. मी म्हणालो, "फोन आला होता. प्रिंटरचा. कागद अडकला होता म्हणून."

आदल्या आठवड्यात कागद खरंच अडकला होता, ताईंनी तेव्हाही फोन केला होता. म्हणून खोटं इतकं सहज बसलं. ताईंनी माझ्याकडे पाहिलं. राग नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर, गोंधळ होता. म्हणाल्या, "सर म्हणतात तर तसंच आसंल." शेठनी त्यांना उद्यापासून येऊ नका म्हणून सांगितलं. खिळ्याला अडकवलेली डब्याची पिशवी घेऊन त्या गेल्या. मी चहा पिऊन निघालो.

नंतर प्रोग्रॅम मी नीट केला — पंधरा दिवसांतच. आता कुठलं मशीन वाचतोय, किती वेळ झाला, सगळं दिसतं. उत्तर आलं नाही तर लाल अक्षरात तसं येतं. त्यावर मला पाच कामं मिळाली. ऑफिसातल्या पोरांना मी बजावत असतो, पडद्यावर हललं म्हणजे काम होतंय असं दाखवू नका रे. त्यांना वाटतं, साहेब किती काटेकोर!

ताई हायवेवरच्या एका खाणावळीत भाकऱ्या थापायला लागल्याचं कानावर आलं. गावात लोक त्यांना विचारतात म्हणे, वनिता, आज किती अंडी उकडली? मी त्या खाणावळीवरून जाताना गाडीची काच वर करायचो.

तुम्हाला वाटेल, हाच तो कबुलीजबाब. मलाही मागच्या वर्षापर्यंत असंच वाटत होतं.

मागच्या वर्षी खोपोलीच्या बाजारात ताईच समोर आल्या. पळावं असं वाटलं, पण त्यांनी हाक मारली. आईची तब्येत विचारली. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "सर, एक इचारू? त्या दिशी मी पिंटरचाच फोन केला व्हता का वो? मी घरात सांगती, कोंबडीचा केला व्हता. पोरगी म्हणती, सर कशाला खोटं बोलतील. आता माझी मलाच खात्री वाटत नाय."

आजूबाजूला ओळखीचं कुणी नव्हतं. शेठ नव्हते. माझी कामं तेव्हा त्यांच्यावर अवलंबूनही नव्हती. खरं बोलण्यासाठी मला काहीही मोजावं लागणार नव्हतं.

मी म्हणालो, "हो ताई. प्रिंटरचाच होता."

त्यांनी मान हलवली. "मंग माझीच चूक," म्हणाल्या. आणि आपल्या पिशवीतली कोथिंबिरीची जुडी मोडून अर्धी माझ्या हातात दिली, आईला चटणी करा म्हणाल्या.

मी ती घेतली.