स्वतःच्याच नावाचं नकारपत्र

टायपिंग टेस्टचे किस्से सांगायला बसलो की समोरच्याचा चहा गार होतो, माझे किस्से संपत नाहीत. सत्तर सालाच्या आसपास जळगावच्या एका डाळ मिलमध्ये मी हेडक्लार्क होतो. टायपिस्ट घ्यायचा म्हटलं की परीक्षा माझ्याकडे. आमच्या सेठजींना कागद वाया गेलेला खपायचा नाही. त्यांनी नियमच केला होता, उमेदवाराने टेस्ट म्हणून स्वतःच्याच नावाचं इंग्रजी नकारपत्र टाइप करायचं. नापास झाला की खाली सेठजींची सही घेऊन तेच त्याच्या हातात! मला फार लाज वाटायची, पण सेठजींपुढे बोलणार कोण?

*

एकाकडे दोन-दोन सर्टिफिकेटं. पत्र झालं, पण त्यात 'ई' कुठेच नाही, नुसत्या मोकळ्या जागा.

"आमच्या इन्स्टिट्यूटच्या मशीनला ती कीच नव्हती," तो म्हणाला. "बोटाला सवय झाली."

*

धुळ्याकडचा एक पोरगा वडिलांना घेऊन आला. त्याला रोलरमध्ये कागदच घालता येईना.

"साहेब, मना पोऱ्याले बठ्ठं येस," पोराला सगळं येतं अशी खात्री देत वडील म्हणाले. "फक्त कागद तुम्ही घाली द्या."

मी घातला. पुढे तोच कागद सेठजींच्या सहीनिशी त्यांच्या हातात देताना माझी मान वर होईना.

*

यावलच्या एकाने अख्खं पत्र बरोबर मारलं, फक्त 'नॉट' गाळला. नोकरी मिळाल्याचं पत्र झालं की!

"अरे, 'नॉट' राहिला."

"राहू द्या ना भाऊ, तसंच छान वाटतं."

हसू आलं, आणि हसल्याचं वाईटही वाटलं.

*

मग दोंडाईच्याची एक मुलगी आली. घरात कमावणारं दुसरं कोणी नाही, हे मी विचारलं तेव्हा कुठे तिने सांगितलं. मशीन असं चाललं की तुरीचा सौदा करायला आलेले व्यापारी आत डोकावून गेले. चूक शोधून सापडेना. तिला बसायला सांगून मी सेठजींकडे धावलो, तर ते ट्रंककॉलवर. बऱ्याच वेळाने फोन ठेवून म्हणाले, "उद्यापासून येऊ दे तिला."

बाहेर आलो तर खुर्ची रिकामी. दारात आमचे शिपाई नाना उभे होते.

"बाई वाट बघून गेल्या," नाना म्हणाले. "पत्र वाचलं, घडी करून पर्समध्ये ठेवलं. म्हणाल्या, सहीसाठी सेठजींना त्रास नको. कार्बन कॉपी फाइलला लावून ठेवली आहे."