कॅरीच्या घराची आगाऊ वास्तुशांत

घर दाखवायचं असतं तेव्हा मालकाने घरात थांबू नये, असा अमेरिकेत रिवाज आहे. तो मोडला की काय होतं, हे मी स्वखर्चाने सिद्ध केलेलं आहे.

२००७ सालच्या उन्हाळ्यात आम्ही नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरी या गावातलं घर विकायला काढलं होतं. मेधाला, म्हणजे माझ्या बायकोला, न्यू जर्सीत एका औषध कंपनीत तिला हवी तशी नोकरी लागली होती. ती आणि आमची सात वर्षांची सई पिस्कॅटवेला एका बेडरूमच्या अपार्टमेंटमध्ये राहायला गेल्या. मी घर विकून मागोमाग जायचं, ते सईची शाळा सुरू व्हायच्या आत, असं ठरलं. 'महिन्याभरात येतो,' मी सईला सांगितलं. तिने कॅलेंडरवर तीस चौकोन मोजले. मुलांना असलं काही सांगू नये, ती खरंच मोजतात.

आमची एजंट कॅरल ही साठीची, गोड बोलणारी, दर वाक्याला 'हनी' म्हणणारी बाई. घरात पाऊल टाकताच तिने फतवे काढले. भिंतीवरचे फोटो उतरव. देव कपाटात ठेव. आणि फोडणी बंद! 'हनी, घेणाऱ्याला हे घर स्वतःचं वाटलं पाहिजे. तुझ्या जेवणाचा वास आला, की त्याला ते तुझं वाटतं.' मी दीड महिना सँडविचवर काढला. लोक यायचे, कपाटं उघडायचे (एका बाईने टॉवेलांशेजारी बसलेला गणपती बघून दार हळूच परत लावून घेतलं), आणि 'लव्हली होम' म्हणून कायमचे निघून जायचे. घरांचा बाजार थंडावत चालला होता. फोनवर सई विचारायची, 'बाबा, हाऊ मेनी मोअर डेज?' आणि मी विषय बदलून तिला शेजारच्या कुत्र्याची खबरबात द्यायचो.

जूनमधल्या एका शनिवारी कॅरल म्हणाली, चार वाजता एक जोडपं येतंय, तू दोन तास लांब कुठेतरी जा. मी गाडी बाहेर काढत होतो, तेवढ्यात त्यांची गाडी आली, दार उघडलं आणि आतून आवाज आला, 'अय्या, तुळस!'

संपलं. मी गाडी परत आत घेतली.

पराग आणि केतकी हे तिशीतलं जोडपं. सोबत परागचे वडील, नागपूरहून सहा महिन्यांसाठी आलेले अण्णा. आता मराठी माणसं दारात उभी, त्यात एक वडीलधारे, आणि मी म्हणणार, 'तुम्ही बघा घर, मी जरा पार्किंग लॉटमध्ये बसून येतो'? दहा मिनिटांत मी कांदे चिरले आणि दीड महिन्याच्या उपवासानंतर त्या घरात मोहरी तडतडली. कॅरल हातात पोह्यांची बशी घेऊन एका बाजूला हसत उभी होती. तिचा हसरा चेहरा टिकला, कारण पुढचं सगळं बोलणं मराठीत झालं.

'घर मस्तच आहे, दादा,' पराग म्हणाला. 'काही प्रॉब्लेम वगैरे?'

माझे पोहे खाणाऱ्या माणसाशी मी खोटं कसं बोलणार? 'वरच्या बाथरूमचा नळ गळतो. आणि एसी यंदा मान टाकेल असं वाटतं.'

'आणि विकायची घाई आहे का?'

'प्रचंड!' मी म्हणालो. 'मुलगी रोज फोनवर विचारते.'

'अगं बाई, बिचारी,' केतकी म्हणाली. परागने फक्त आणखी थोडे पोहे घेतले.

दुसऱ्या दिवशी त्यांची ऑफर आली. तिच्यात नळ होता, एसी होता, आणि माझी घाईसुद्धा होती. तिन्हींचे वेगवेगळे पैसे कापलेले होते. मी कबूल झालो. नेहमीची अनामत रक्कम भरायची वेळ आली तेव्हा पराग म्हणाला, 'दादा, आपल्यात काय फॉर्मॅलिटी!' आणि त्याने मला हळदकुंकू लावलेल्या पाकिटात एकशे एक डॉलर दिले. कॅरलने ते पाकीट दोन बोटांत धरून उलटसुलट पाहिलं. 'हनी, याच्यावर सांडलंय काय?'

माझी आई म्हणायची, भीड ही भिकेची बहीण. ती हे माझ्याकडे बघून का म्हणायची, ते मला चाळिशीनंतर समजलं. परागचा दर दोन दिवसांनी फोन यायचा. 'दादा, वॉशिंग मशीन राहू द्याल ना?' राहू दिलं. 'दादा, पडदे?' राहू दिले. 'आणि मागचा तो झोपाळा? केतकीला फार आवडलाय.' तो झोपाळा सईचा होता, मी स्वतः दोन रविवार घालवून बांधलेला. 'राहू द्या,' मी म्हणालो, आणि फोन ठेवल्यावर जाऊन त्याच्यावर बसलो. तो माझ्या वजनाने करकरला.

मग जुलैच्या सुरुवातीला तिघेही घरी आले. सोबत पेढे. ही धोक्याची खूण होती, पण मला पेढे आवडतात.

'दादा, एक छोटीशी रिक्वेस्ट होती,' पराग म्हणाला. 'कागदपत्रं ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात होतील. पण अण्णांचं म्हणणं...'

'चातुर्मास लागून राहिला न बाप्पा!' अण्णा म्हणाले. 'तो लागला की मंग थेट कार्तिकापर्यंत काही करता येत नाही. अन् वास्तुशांत झाल्याबिगर आमी त्या घरात पाय ठेवत नाही.'

'म्हणून आधीच उरकून घ्यावी म्हणतो,' पराग म्हणाला. 'तासाभराचं काम आहे. चार माणसं.'

मी कॅरलला विचारलं. ती आयुष्यात पहिल्यांदा 'हनी' न म्हणता बोलली. 'नो. किल्ली मिळाल्यावर प्रार्थना करायची असते.' मी तिला समजावलं, की आमच्याकडे कोणी शुभकार्यासाठी जागा मागितली तर नाही म्हणत नाहीत. ती म्हणाली, 'आमच्याकडे म्हणतात.' पण मी अण्णांना शब्द देऊन बसलो होतो.

पुढच्या शनिवारी सकाळी नऊला चार माणसं आली. साडेनऊपर्यंत ती साठ झाली. माझ्या दारात मला एका अनोळखी काकूंनी अडवलं. 'चपला बाहेर हं! आणि तुम्ही कोणाकडून?' मी 'घराकडून' म्हणालो. त्यांनी मला पाण्याचे ग्लास भरायला बसवलं. गुरुजी एरवी एका बँकेत सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे. त्यांनी हॉलमध्ये पाट मांडले, होकायंत्र काढलं, आग्नेय कोपऱ्यावर खडूने फुली मारली, आणि यजमानांना बोलावलं.

नेमका तेव्हाच परागला भारतातून फोन आला. त्याचे एक चुलत आजोबा गेले होते. घरात सुतक! केतकी मटकन खुर्चीत बसली. स्वयंपाकघरात साठ माणसांचा मसालेभात, गुरुजींना दुपारी ॲटलांटाचं विमान, आणि चातुर्मास दाराशी. सगळे अण्णांकडे बघायला लागले. अण्णा माझ्याकडे बघायला लागले.

'सुतक आमाले आहे,' ते सावकाश म्हणाले, 'घराले थोडंच आहे? अन् कागदावर मालक तर अजून हेच आहेत न!'

पाच मिनिटांत माझ्या अंगावर परागचं सोवळं होतं. (ते मला आखूड झालं.)

'सौभाग्यवती?' गुरुजींनी विचारलं.

'न्यू जर्सीला.'

'हरकत नाही.' त्यांनी ताटातली एक सुपारी उचलली आणि पत्नी म्हणून माझ्या कमरेला खोचली. आमच्या लग्नाला तेव्हा अकरा वर्षं झाली होती, पण मेधा इतकी शांत मी प्रथमच पाहत होतो.

संकल्प सुरू झाला. गुरुजी एक वाक्य सांगायचे, मी म्हणायचो. माझं नाव, माझं गोत्र. 'अस्मिन् गृहे, सपरिवारस्य मम, चिरकालं सुखनिवास...' मी खड्या आवाजात म्हणत होतो. लहानपणी पाठांतराला बक्षिसं मिळवलेला माणूस मी, उच्चार चुकू द्यायचे नाहीत एवढंच डोक्यात होतं. तेवढ्यात पाठीमागून घर्रर्र असा आवाज आला. मान वळवून पाहतो तर पराग माझ्या ओकच्या जमिनीवर इलेक्ट्रिक करवत चालवत होता!

'पराग! काय करतोयस?'

'काही नाही, दादा. वास्तुपुरुषासाठी छोटंसं भोक. तो जमिनीत पुरावा लागतो ना. नाहीतरी घर आमचंच आहे.'

'यजमानांनी मध्ये बोलू नये,' गुरुजी म्हणाले, 'आणि उठू तर अजिबात नये.'

मी उठलो नाही. वीतभर लांब-रुंद चौकोन निघेपर्यंत मी अक्षता वाहत बसलो. त्यात समोर ठेवलेला माझा फोन वाजला. मेधा होती. एका काकूंनी मदत म्हणून तो माझ्या कानाला लावला.

'कसला आवाज येतोय रे?'

'पूजा आहे.'

'कोणाची?'

'त्यांची. म्हणजे, माझी. मी बसलोय.'

'माझ्याशिवाय?'

'तू आहेस,' मी म्हणालो. 'कमरेला.'

तिकडून फोन बंद झाला.

त्यानंतर दोन आठवड्यांनी, सह्या व्हायच्या आधी, त्यांचा इन्स्पेक्टर घर तपासून गेला. संध्याकाळी परागचा फोन. आवाज अगदी दुःखी.

'दादा, एक इश्यू आहे. रिपोर्टमध्ये हॉलच्या जमिनीला भोक निघालंय.'

'तूच पाडलंस ते!'

'हो, पण तेव्हा घर तुमचं होतं ना.'

त्याने भोकाचे वेगळे पैसे कमी करायला सांगितले. मी, शाळेला महिना उरलाय हे मनात मोजत, कमी केले. मग त्याने आणखी कमी करायला सांगितले. मी तेही केले! तेव्हा कुठे त्याला संशय आला असावा, की एवढं स्वस्त घर घेण्यात काही अर्थ नाही. किमती आणखी पडणार हे त्याला तोवर ऑफिसात कोणीतरी सांगितलं होतं. शेवटचा फोन त्याने स्वतः केला नाही, अण्णांना करायला लावला.

'असं आहे बाप्पा,' अण्णा म्हणाले, 'आमी लय विचार केला. त्या घराची वास्तुशांत तुमच्या नावानं झाली. संकल्प तुमचा, गोत्र तुमचं. आता त्या घरात आमी राहाचं म्हणजे कसं व्हते? शास्त्रात बसत नाही.'

'पण तुम्हीच मला बसवलंत!'

'हो न. म्हणूनच तर वाईट वाटून राहिलं.'

आणि वर त्यांनी ते एकशे एक डॉलर परत मागितले. मी दिले. पाकिटाला नवीन हळदकुंकू लावून दिले, आपल्या हातून अशुभ नको म्हणून! कॅरलला हे सांगितलं तेव्हा तिने चष्मा काढला, डोळे चोळले, आणि मला विचारलं, की तू ऑफिसात नक्की काय काम करतोस. मी रिस्क ॲनालिसिस म्हणालो.

त्यानंतर त्या घरात एकही गिऱ्हाईक फिरकलं नाही. कॅरल दर महिन्याला किंमत उतरवायची, आणि बाजार तिच्या आधी उतरलेला असायचा. सईची शाळा पिस्कॅटवेला माझ्याशिवाय सुरू झाली. तिचा पुढचा दात पडला, तोही मी फोनवरच ऐकला. मी एक शुक्रवार सोडून एक शुक्रवार आठ-नऊ तास गाडी हाकत तिकडे जायचो आणि रविवारी परत यायचो. अशा एका रविवारी मी निघताना ती रडली नाही, नुसता टाटा करून टीव्हीकडे वळली. त्याचं मला जितकं वाईट वाटलं तितकं त्या घराचं कधीच वाटलं नाही.

शेवटी २००८ च्या उन्हाळ्यात मेधाने तिला हवी तशी असलेली ती नोकरी सोडली, आणि दोघी कॅरीला परत आल्या. कॅरल स्वतः येऊन अंगणातली 'विकणे आहे'ची पाटी उपटून घेऊन गेली. जाताना तिने मला घट्ट मिठी मारली. आजारी माणसाला मारतात तशी.

त्या संध्याकाळी मेधा हॉलच्या कोपऱ्यात त्या चौकोनापाशी उभी राहिली. मी त्याच्यावर लाकडाचं झाकण बसवून घेतलं होतं. रंग जुळला नव्हता.

'काय म्हणवून घेतलं रे त्यांनी तुझ्याकडून संकल्पात?' तिने विचारलं.

मी आठवून आठवून सांगितलं. या घरात. सहपरिवार. चिरकाल. तिने सगळं ऐकून घेतलं. वर्षभराच्या मनस्तापाबद्दल ती आता काय बोलणार म्हणून मी तयार होऊन उभा राहिलो. पण ती नुसती हसायला लागली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

'माझ्या जागी सुपारी होती म्हणून हे झालं,' ती म्हणाली. 'मी शेजारी असते तर पहिल्याच वाक्याला तुला हाताला धरून उठवलं असतं.'

ते खरंच आहे. पण सुपारीला दोष देण्यात अर्थ नाही. त्या दिवशी त्या पाटावर सुपारी आणि मी असे दोघं होतो, आणि जे सांगतील त्याला मान डोलवणारा तिच्यात आणि माझ्यात एकटा मीच होतो.